"कायचं हाय हे पुस्तक?"

गेल्या उन्हाळ्यात अंजनगाव सुर्जीतल्या एका लहानशा वाचनालयात बसलो होतो. सहावीतला एक मुलगा कपाटातून कोरं पुस्तक काढून टेबलापाशी आला. "कायचं हाय हे पुस्तक?" ग्रंथपाल म्हणाले, "चांगलं हाय, ने. बक्षीस भेटलं त्याले." पोराने पुस्तक दोनदा उलटसुलट केलं, जागेवर ठेवलं आणि पानं निसटलेला अकबर-बिरबल घेऊन गेला.

पोराचा प्रश्न नेमका होता, उत्तर भलत्याच प्रश्नाचं होतं. पण ग्रंथपालांना दोष कसा देऊ? त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं आणि मीही नव्हतं.

नऊ ते तेरा हे वय आपल्या कपाटांत सगळ्यात उपाशी राहतं. चित्रांची पुस्तकं 'बारक्यांची' वाटू लागतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या झेपत नाहीत. मधली जागा आपण बोधकथांनी आणि चरित्रांनी भरतो. गाडगेबाबांचं शेंडगाव याच तालुक्यातलं, तेव्हा त्यांचं चरित्र इथे हवंच. पण एकाच थोर माणसाची तीन चरित्रं वाचून झालेल्या मुलाला चौथं देणं म्हणजे पुस्तक सुचवणं नव्हे.

नवं काही निघत नाही, ही तक्रारही खरी नाही. साहित्य अकादेमी २०१०पासून बालसाहित्य पुरस्कार देते. त्यातली अलीकडची नावं पाहा: ल. म. कडूंचं 'खारीच्या वाटा' (२०१७), सलीम सरदार मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९), संगीता बर्व्यांचं 'पियूची वही' (२०२२), भारत सासण्यांचं 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४). ही यादी भिंतीवर लावली की काम झालं असं मात्र समजू नका. बक्षीस परीक्षकांची पसंती सांगतं. समोरच्या पोराची पसंती त्याने आधी परत केलेल्या पुस्तकावरून कळते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एका बैठकीत संपवणाऱ्याच्या हाती समशेर द्या. उत्तरेला मेळघाटचे डोंगर पाहत वाढलेल्या, रानाच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरीला मुल्लांचं पुस्तक. वहीच्या मागच्या पानांवर गुपचूप काहीबाही लिहिणारीला पियू. शहानूर धरणावर सहलीला जाऊन आलेल्या वर्गाला 'खारीच्या वाटा'मधलं एखादं पान वाचून दाखवा. पाण्याखाली गेलेल्या गावाचा विचार सहलीत कोणी केलेला नसतो.

एक अडचण उघड बोलायला हवी. या पुस्तकांतली मुलं बहुधा 'काहून' म्हणत नाहीत, 'हाव' म्हणत नाहीत. फेणे फुरसुंगीचा. वऱ्हाडी बोलणारा बारा वर्षांचा नायक आपल्या कपाटात शोधावा लागतो. म्हणून निदान पुस्तकाची ओळख तरी मुलाच्या बोलीत करून द्या. पुस्तकी मराठीत करून दिलेली ओळख त्याला धड्याच्या प्रस्तावनेसारखी वाटते. प्रकाशकांकडे मागणी नोंदवताना वऱ्हाडातल्या मुलांच्या गोष्टी आवर्जून मागा. मागणीच नसेल तर ते छापतील कशाला?

पैशाचा प्रश्न आहेच. अनुदानाची रक्कम वर्षाअखेरीस हाती येते आणि खरेदी घाईत उरकते. तोवर बालभारतीचं 'किशोर' आहे. १९७१पासूनच्या त्याच्या अंकांचा खजिना इंटरनेटवर फुकट वाचता येतो. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरही मराठी गोष्टी विनामूल्य आहेत, छापून काढायला मोकळ्या.

आमची विनंती छोटी आहे. आठवड्याला मुलांच्या कपाटातलं एक पुस्तक घरी न्या, वाचा आणि आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवा. त्यावर तीनच ओळी: गोष्ट कशाची, पोरं कुठे अडकतील, आणि आधी काय आवडलेल्या मुलाला हे द्यावं. पालक विचारतील, "यातून शिकायला काय भेटते?" ही चिठ्ठी त्यांनाही दाखवा.

दिवाळीच्या सुट्टीआधी अशा चिठ्ठ्या आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात त्याच छापू. मुलाने दहाव्या पानावरून परत आणलेल्या पुस्तकाचीही चिठ्ठी पाठवा. दहाव्या पानावर काय घडलं, ते आम्हाला जास्त हवं आहे.