सरकार चालवून आलेले विरोधक

ऑगस्ट उजाडला की वाळवा तालुक्याच्या वाट्याला लागोपाठ तीन दिवस येतात. 1 तारखेला वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची जयंती, 2 ला शेतकरी कामगार पक्षाचा वर्धापनदिन आणि 3 ला येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांची जयंती. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी हार घालायला सगळ्या पक्षांची माणसे येतात. मधला दिवस मात्र रायगड आणि सांगोला सोडले तर फारसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. प्रतिमेला हार घालणे सोपे असते. नाना पाटलांसारख्या माणसाने स्वातंत्र्य मिळताच विरोधी बाकावर जाऊन बसण्याचे का ठरवले, हा प्रश्न आजच्या पुढाऱ्यांना अडचणीचा वाटत असावा.

1947 साली देशात दोन प्रकारचे विरोधक होते. काहींचा काँग्रेसशी आधीपासूनच उभा दावा होता. दुसरे काँग्रेसच्या घरातच वाढलेले. सातारा-सांगलीचे बहुतेक दुसऱ्या प्रकारचे; आणि त्यातही वेगळे, कारण विरोधक होण्याआधी त्यांनी सरकार चालवून पाहिले होते. 1943 ते 1946 या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात गावोगाव नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल होता. (आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते, 1949 मध्ये संस्थानी मुलुखाला जोडून त्यांचा ‘दक्षिण सातारा’ झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले.) न्यायदान मंडळे भांडणे मिटवत, सावकाराच्या कचाट्यातली जमीन सोडवली जाई, लग्ने थोडक्यात आणि बिनहुंड्याची लागत. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना हे त्या कारभाराचे बळ. नाना पाटील स्वतः तलाठी होते; 1930 च्या चळवळीत नोकरीवर लाथ मारून बाहेर पडले. सत्ता सामान्य माणसाला गाठते ती दप्तरातून, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

स्वातंत्र्य दारात आले तेव्हा या माणसांना वाटले, आता आपले राज्य येणार. आले ते मंत्रालयाचे राज्य. लेव्हीचे धान्य घालायला लावणारा अंमलदार तोच, कचेरी तीच. काँग्रेसमध्ये शेतकरी मोठ्या संख्येने असला तरी निर्णय त्याचे नाहीत, ही केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांची तक्रार. म्हणून 1947 मध्ये काँग्रेसच्या आतच त्यांनी शेतकरी-कामगारांची फळी बांधली. जेधे काही उपरे नव्हते. ब्राह्मणेतर पक्षाला काँग्रेसच्या मांडवात आणणाऱ्यांत तेच पुढे होते. पण 1948 मध्ये काँग्रेसने पक्षात वेगळा पक्ष चालणार नाही, असा नियम केला आणि दोन वेगवेगळ्या घरांतली माणसे एकाच वर्षी उंबऱ्याबाहेर पडली. मार्चमध्ये नाशिकला समाजवाद्यांनी वेगळे होण्याचा निर्णय घेतला आणि इकडे शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) स्वतंत्र पक्ष म्हणून उभा राहिला.

बेचाळीसची भूमिगतांची फळी इथे दुभंगली. यशवंतराव चव्हाण, सांगलीचा तुरुंग फोडणारे वसंतदादा पाटील, वाईचे किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले. नाना पाटील, जी. डी. बापू, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी विरोधात गेले. ज्यांनी एकाच भाकरीचे तुकडे करून खाल्ले, त्यांचीच पुढची तीस वर्षे एकमेकांविरुद्ध सभा घेण्यात गेली. या भागातल्या राजकारणाची भाषा तिखट असली तरी तिला एक मर्यादा राहिली. तिचे मूळ या जुन्या ओळखीत आहे, असे आम्हाला वाटते.

ही मर्यादा किती मोलाची होती, हे बाहेर पाहिले म्हणजे कळते. घानात एन्क्रुमांना पक्षकार्यासाठी परदेशातून बोलावून घेणारे जे. बी. डांक्वा स्वातंत्र्यानंतर विरोधात राहिले आणि 1965 मध्ये तुरुंगातच वारले. इंडोनेशियाचे पहिले पंतप्रधान शहरीर यांच्या समाजवादी पक्षावर 1960 मध्ये बंदी आली, पुढे तेही कैदेत पडले. आपल्याकडेही सगळे आलबेल नव्हते. कम्युनिस्टांच्या वाट्याला स्थानबद्धता आली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे गेली. तरी 1957 हे वर्ष पाहा. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले आणि दिल्लीत मराठीत बोलले. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेल्या यशवंतरावांना त्यांच्याच कराडात शेकापच्या केशवराव पवारांनी घाम फोडला; यशवंतराव निवडून आले ते दोन हजारांच्या आतल्या मतांनी. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला पंडित नेहरू शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा वाई-पसरणीच्या वाटेवर समितीने काळी निशाणे घेऊन हजारो माणसे उभी केली. पंतप्रधान निघून गेले आणि निदर्शक घरी परतले. नव्या देशात हे आपसूक घडत नसते. सत्ताधारी आणि निदर्शक दोघांनाही ते जमावे लागते.

पक्ष म्हणून मात्र या संस्थापकांना फार काळ एका छताखाली राहता आले नाही. 1950 च्या दाभाडी प्रबंधाने शेकापने मार्क्सवाद स्वीकारला. खोट विचार स्वीकारण्यात नव्हती. लेव्ही, कूळ आणि बांध यांवर बोलणारा पक्ष कोणाचा मार्क्सवाद अस्सल यावर भांडू लागला, ती खोट. नाना पाटील अखेर कम्युनिस्ट पक्षात गेले. जेधे आणि मोरे 1954 च्या सुमारास काँग्रेसमध्ये परतले. त्यांना फितूर म्हणण्याची तेव्हा पद्धत होती. ते न्याय्य नाही. काँग्रेसने त्यांच्या पायाखालची वाळू काढून घेतली होती. 1948 चा कूळकायदा, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, पाठोपाठ सहकारी साखर कारखाने: विरोधकांच्या मागण्यांतला मोठा भाग सत्तेने उचलला आणि त्याबरोबर त्यांचा मतदारही. शिवाय हा पक्ष मुख्यतः जमीन असणाऱ्याचा राहिला. ज्याला बांधच नाही त्या मजुराला, विशेषतः दलित मजुराला, त्यात मानाची जागा फारशी मिळाली नाही. अण्णाभाऊ वाटेगावहून मुंबईला जाऊन लाल बावट्याखाली उभे राहिले, यात या उणिवेचे उत्तर सापडते.

1952 च्या पहिल्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या 315 जागांपैकी शेकापला मिळाल्या 14, आणि काँग्रेसखालोखाल तोच सर्वांत मोठा पक्ष होता. शंभरात पाचसुद्धा नाहीत. 2024 च्या निकालानंतर महाराष्ट्राच्या विधानसभेत एकाही विरोधी पक्षाला 288 च्या दहा टक्के जागा नाहीत, असे सांगत विरोधी पक्षनेतेपद रिकामे ठेवण्यात आले. दहा टक्के हा संकेत आहे, कायदा नव्हे. ज्या राज्याच्या विरोधी राजकारणाची सुरुवातच चौदा जणांपासून झाली, तिथे हे कारण पुढे करणे शोभत नाही. विरोधकांनीही आकडा कमी म्हणून हात टेकायचे कारण नाही.

कारण या भागात विरोधकांचे सर्वांत टिकाऊ काम निवडणुकीबाहेर झाले. ढवळीच्या एन. डी. पाटलांनी 1948 मध्ये शेकाप धरला तो 2022 मध्ये देह ठेवेपर्यंत सोडला नाही. 1978 च्या पुलोद सरकारात ते सहकारमंत्री झाले, शरद पवार त्यांचे सख्खे मेहुणे. पण पुढे रस्त्यावर उतरताना त्यांनी मेहुणे कोणत्या बाजूला आहेत हे पाहिले नाही. जी. डी. बापू आणि नागनाथअण्णांनी कुंडल आणि वाळव्यात साखर कारखाने उभे केले. विरोधक कारखानदार झाले, अशी टीकाही झाली. ती पूर्ण खोटी नव्हती, पण अपुरी होती. कारण 1990 च्या दशकात नागनाथअण्णा, सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर यांनी आटपाडीत पाणी परिषद भरवली, तेव्हा तिच्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त करणारी मागणी होती: कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना द्या आणि ते जमिनीच्या मापाने वाटू नका, प्रत्येक कुटुंबाला सारखे द्या, भूमिहीनालासुद्धा.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पाणी आज माणदेशात आणि मिरज-जतकडे पोचते आहे. त्याच्या श्रेयाचे फलक लावायला सगळे पक्ष धावतात. भूमिहीनाच्या वाट्याचे पाणी मात्र अजून कोणत्याच योजनेत सर्रास उतरलेले नाही, आणि ते मागणारे आजही विरोधातच आहेत.