स्वस्त यंत्र आणि पाहुणे सर्व्हर

ग्रंथालयाची सूची, परीक्षांचे गुण आणि विद्यार्थ्यांचा प्रोग्रॅमिंगचा सराव ही तीन कामे तीन निरनिराळ्या सर्व्हरांवर असावीत, हे कोणीही मान्य करील. सरावाच्या भरात एखाद्या मुलाने सर्व्हर बंद पाडला, तर त्याच्यासोबत सबंध शाळेची गुणपत्रके बुडता कामा नयेत. परंतु तीन यंत्रे घेण्याची ऐपत उधना-लिंबायतकडील किती मराठी शाळांची आहे? म्हणूनच व्हर्च्युअलायझेशनचा विचार करावा लागतो. यजमान यंत्र एक, त्यावर पाहुणे सर्व्हर अनेक. आणि सारे यंत्र आपलेच, अशी प्रत्येक पाहुण्याची समजूत! ही युक्ती नवी नव्हे. आयबीएमने १९७२ सालीच व्हीएम/३७० या नावाने ती आपल्या ग्राहकांस दिली होती. आता ती जुन्या बाजारातील यंत्रावरही चालते, एवढाच फरक.

या पाहुण्यांची व्यवस्था कोणत्या सॉफ्टवेअरवर सोपवावी? पुष्कळ जाणते लोक व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयचे नाव घेतात. त्याची योग्यता आम्हांस अमान्य नाही. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी विकत घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत आवृत्ती बंद झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा मिळू लागली. मिळू लागली हे चांगलेच झाले. पण जी वस्तू मालकाच्या मर्जीने येते व मर्जीने जाते, तिच्या भरवशावर शाळेने आपले दप्तर ठेवावे काय? फुकट आणि मुक्त हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत.

आमचे मत प्रॉक्समॉक्सच्या बाजूचे आहे. व्हिएन्नातील एका कंपनीने ते २००८ साली प्रथम प्रसिद्ध केले. त्याचा पाया डेबियन लिनक्सचा. आणि त्यातील केव्हीएम हा भाग २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. मुक्त परवान्याखाली एकदा दिलेला कोड कंपनीस परत हिरावून घेता येत नाही, ही आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट होय. प्रवेश करताना वर्गणीची आठवण देणारी पाटी दिसते खरी. ती वाचून पुढे जावे! शिवाय स्वस्त मदरबोर्डांवर बहुधा रिअलटेकचे नेटवर्क कार्ड असते. लिनक्स ते सहज ओळखते. ईएसएक्सआयच्या २०२० मधील सातव्या आवृत्तीने मात्र जुन्या धाटणीचे ड्रायव्हर वगळले, तेव्हा असली कार्डे वापरणाऱ्या पुष्कळांची पंचाईत झाली.

यंत्र निवडताना प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स अथवा एएमडी-व्ही ही सोय आहे ना, व बायोसमध्ये ती चालू आहे ना, हे प्रथम पाहावे. पैसे उरल्यास ते प्रोसेसरपेक्षा रॅमवर खर्चावेत. आठ जीबीत तीन पाहुण्यांची दाटी होते. सोळा जीबीत ती सुखाने नांदतात.

एक यंत्र बिघडले की सारेच पाहुणे बेघर होतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठी आठवड्यास एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क वरच्या मजल्यावर ठेवावी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घराघरांत शिरलेले पाहणाऱ्या सुरतेस याचे कारण सांगावयास नको. ती प्रत खरोखर उघडते की नाही, हेही सहामाहीस एकदा उघडून पाहावे.