उसाच्या गाडीमागे थांबतो, सायकलीमागे का नाही?

आपल्या बेटावर ऊसतोडणीचा हंगाम जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो. या दिवसांत बांबूहून कास्कावेलकडे मोटारीने जाणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. पुढे उसाने भरलेली गाडी संथ चाललेली असते, समोरून वाहनांची रांग येत असते. चालक कुरकुरतो, घड्याळ पाहतो, पण मागे थांबतो. त्याच रस्त्यावर पुढे एखादा सायकलस्वार दिसला, की तोच चालक थांबत नाही. समोरून बस येत असली तरी तो मधल्या फटीतून गाडी काढतो आणि सायकलवाल्याच्या कोपरापासून हातभर अंतरावरून निघून जातो. उसाच्या गाडीला धक्का लागला तर आपलीच मोटार मोडेल हे त्याला ठाऊक असते. सायकलीला लागला तर मोडणार दुसऱ्याचे हाड.

मोकळ्या रस्त्यावरील सायकलस्वाराच्या सुरक्षिततेचा विचार येथूनच सुरू व्हावा, असे आमचे मत आहे.

शाळेत आम्ही शिक्षक मुलांना डावीकडून चालवा, हात दाखवून वळा, मागे लाल दिवा लावा असे शिकवतो. हे शिकवलेच पाहिजे. पण या सर्व धड्यांत जबाबदारी एकट्या मुलाच्या खांद्यावर टाकलेली असते. मागून येणाऱ्या मोटारीपुढे त्याची सावधगिरी किती पुरी पडणार? वर्गात फळ्यावर मांडावे असे हे सोपे गणित आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते, ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल साडेपाच मीटर. म्हणजे १०० मीटर मागे असलेली मोटार सहा सेकंदांत सायकलीला गाठते. चालकाला धोका दिसून गाडी पूर्ण थांबेपर्यंत, रस्ता कोरडा असला तरी, त्या वेगात सुमारे ५३ मीटर लागतात. सायकलस्वाराला मागे डोळे नाहीत. त्या सहा सेकंदांत जे काही करायचे ते चालकानेच करायचे असते.

काही पालक मुलांना सांगतात की उजव्या बाजूने चालव, म्हणजे समोरची गाडी दिसेल. हा सल्ला घातक आहे. तसे केल्यास दोन्ही वेगांची बेरीज होते आणि तेच १०० मीटर साडेतीन सेकंदांत संपतात. पायी चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालणे वेगळे, सायकल वेगळी.

आता उलट हिशेब पाहा. मोटारवाला सायकलीमागे दहा सेकंद तिच्याच वेगाने चालला तर त्याचा वेळ किती जातो? साडेसात सेकंद. एवढ्यासाठी आपण कोणाचा जीव पणाला लावतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

ऊस उभा असतो तेव्हा वळणापलीकडचे दिसत नाही. ऊस कापला गेला की दिसते, पण मग आडोसा जातो आणि आग्नेयेकडून येणारा वारा थेट अंगावर येतो. हा वारा नेमका हिवाळ्यात, म्हणजे तोडणीच्याच दिवसांत, जोराचा असतो. शेजारून बस किंवा लॉरी गेली की क्षणभर वारा अडतो आणि सायकल एकदम तिच्या बाजूला ओढली जाते. सायकलवाला वेडावाकडा चालवतो असे म्हणणाऱ्यांनी एकदा प्लेझांसच्या बाजूला सायकल चालवून पाहावी. शिवाय रस्त्याच्या कडेला गाड्यांतून पडलेली उसाची कांडी असतात, ती चुकवायला त्याला आत यावेच लागते. म्हणून अंतर हवे. ब्रिटनच्या वाहतूक नियमांत २०२२ साली सायकल ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सांगितले गेले आणि वेग जास्त असल्यास त्याहून अधिक. दीड मीटर म्हणजे साधारण बारा वर्षांच्या मुलाची उंची. ते मूल सायकल आणि मोटार यांच्यामध्ये आडवे झोपले आहे असे समजावे.

जून-जुलैत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कामावरून परतणारे मजूर आणि ट्यूशनहून येणारी मुले त्याच वेळी रस्त्यावर असतात. त्या मजुरांत परदेशातून पोटासाठी आलेलेही पुष्कळ आहेत. आपले पणजोबा-खापरपणजोबा असेच आले होते, एवढे आठवले तरी पुरे.

आपल्या लोकांना थांबता येत नाही असे मुळीच नाही. महाशिवरात्रीच्या दिवसांत हजारो भाविक कावडी घेऊन गंगा तलावाकडे पायी निघतात, तेव्हा हेच चालक वेग कमी करतात, अंतर ठेवतात, भोंगा वाजवत नाहीत. कावड खांद्यावर असली की माणूस दिसतो. सायकलीवर बसला की दिसेनासा का होतो?

या बेटावर १६३९ साली पहिला ऊस आणला तो डच लोकांनी. आज त्यांचा देश सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तो पूर्वीपासून सुरक्षित नव्हता. १९७१ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी आंदोलन केले. त्यानंतरच्या वर्षांत सरकारने सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधण्यावर भर दिला. डचांना सुबुद्धी आपोआप सुचली नाही, ती मागावी लागली.

आपण काय मागावे? प्रत्येक रस्त्याला वेगळा सायकलमार्ग उद्याच मिळणार नाही, हे आम्ही जाणतो. पण डांबराची कड आणि शेजारची माती यांत जेथे वीतभर उंचीचा फरक आहे, तेथे भराव घालायला मोठा खर्च नाही. चाक त्या कडेवरून घसरले की माणूस थेट गाडीखाली जातो. वळणांवरचा ऊस काही मीटर आत लावण्याबद्दल जमीनमालकांशी बोलता येईल. रस्ता रुंद करतानाच कडेला सायकलपुरती पक्की पट्टी सोडता येईल, कारण काम उरकल्यावर ती कोणी जोडत नाही. आपापल्या गावातील अशा जागांची यादी करून ती ग्रामपरिषदेकडे लेखी द्यावी, आणि तोडणी सुरू होण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच द्यावी.