कॅमारो हवी, पण कोणत्या पिढीची?

मसल कार सरळ रस्त्यावर सुसाट आणि वळणावर हतबल, ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. म्हणूनच जुनी गाडी घेऊन तिला वळणावर चपळ बनवण्याची 'प्रो-टूरिंग' ही शैली अमेरिकेत रुजली. अशा बांधणीसाठी बहुतेकांची पहिली पसंती असते १९६७ ते १९६९ या पहिल्या पिढीच्या शेवरोले कॅमारोला. ही पसंती पुराव्यावर टिकत नाही. पाया दुसऱ्या पिढीचा, म्हणजे १९७० ते १९८१ या काळातला घ्यावा. आणि त्यातही ज्या वर्षांना कोणी विचारत नाही, त्या वर्षांचा.

पहिल्या पिढीचा जन्म घाईतला. एप्रिल १९६४मध्ये फोर्डने मस्टँग बाजारात आणली आणि जनरल मोटर्सला उत्तर द्यायला सप्टेंबर १९६६ उजाडले. कॅमारोचा सांगाडा पुढे १९६८च्या नोव्हा या साध्या घरगुती गाडीशी सामायिक होता. १९६७च्या गाडीत मागच्या बाजूला प्रत्येक चाकामागे एकच पाटा होता. ताकदवान इंजिनाने जोर लावला की मागचा अ‍ॅक्सल थडथडू लागे. पुढच्याच वर्षी ताकदवान मॉडेलांना अनेक पाट्यांची रचना द्यावी लागली.

खरा भेद मात्र पुढच्या चाकांपाशी आहे. पहिल्या पिढीत स्टिअरिंगचे दांडे पुढच्या चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहेत; दुसऱ्या पिढीत ते पुढे आणले गेले. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण नाही. वेगात वळताना बाजूच्या दाबाने सस्पेन्शनचे रबरी बुश दबतात आणि चाक किंचित आत सरकते. दांडे मागे असतील, तर बाहेरचे चाक चालकाने मागितले त्याहून थोडे अधिक वळते. दांडे पुढे असतील, तर थोडे कमी. पहिल्या स्थितीत गाडी ऐन वळणावर बिचकते, दुसरीत विश्वास देते. फेब्रुवारी १९७०मध्ये आलेल्या नव्या गाडीत पुढचे सस्पेन्शन नव्याने आखलेले होते आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक सर्व मॉडेलांत होते. दोन्ही पिढ्यांतल्या चाकांमधले अंतर तेच, १०८ इंच. त्यामुळे तुलना रास्त ठरते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे शर्यतींचा. रॉजर पेन्स्के यांच्या संघाच्या कॅमारोतून मार्क डोनोह्यू यांनी १९६८च्या ट्रान्स-अ‍ॅम मालिकेतल्या १३ पैकी १० शर्यती जिंकल्या, हे निर्विवाद. परंतु त्या संघाने वजन घटवण्यासाठी गाडीचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केला होता. शर्यतीचा निकाल संघाच्या कौशल्याची साक्ष देतो. विक्रीच्या दालनातल्या गाडीची साक्ष त्यातून निघत नाही. शर्यतीच याव्यात, तर हेही सांगायला हवे की 'इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्स' या मालिकेने पहिल्या वर्षीच्या पोर्शे सोडून १९७४पासून दुसऱ्या पिढीच्या कॅमारो घेतल्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मार्क स्टिलो या अभियंत्याने १९६९च्या कॅमारोंवरच ही शैली लोकप्रिय केली. खरे आहे. पण आज अशा गाड्यांत पुढचा सबफ्रेम बहुधा अख्खा बदलतात, स्टिअरिंग नवे बसवतात, मागची रचनाही नवी करतात. मग १९६९चे उरते काय? छप्पर, दारे आणि बाजूच्या पत्र्यावरची ती देखणी घडी. केवळ देखणेपणासाठी एवढी किंमत मोजायची तर तसे उघड म्हणावे. हाताळणीचे नाव पुढे करू नये.

इतिहासाच्या अभ्यासकाला यापुढचा मुद्दा सर्वांत टोचावा. १९६७ ते १९६९च्या कॅमारोचा क्रमांक वाचून इंजिन सहा सिलिंडरचे की आठ, एवढेच कळते. ती अस्सल झेड/२८ आहे की नाही, हे त्या क्रमांकात नाही. १९६७मध्ये झेड/२८ अवघ्या ६०२ बनल्या. त्यांची ओळख पटते ती पत्र्यावरच्या पट्टीवरून, भागांवरच्या शिक्क्यांवरून, उरल्यासुरल्या कागदांवरून. गाडी कापली, भाग विकले, की दस्तऐवज फाटला. ताम्रपट वितळवून भांडे करावे, तसेच हे.

उलट १९७४ ते १९८१च्या गाड्यांवर फुली मारली गेली ती त्यांच्या इंजिनांमुळे. १९७०च्या झेड२८ची शक्ती ३६० अश्वशक्ती सांगत. १९७५मध्ये कॅमारोचे सर्वांत मोठे इंजिन १५५वर आले. (दोन आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे: पहिला उघड्या इंजिनावर मोजलेला, दुसरा गाडीत बसवलेल्या अवस्थेतला. घसरण खरी, पण दिसते तेवढी नाही.) प्रदूषणाचे नियम, तेलसंकट, जड बंपर हे सारे त्या काळाचे ओझे. १९७२मध्ये नॉरवुडच्या कारखान्यातल्या १७४ दिवसांच्या संपानंतर तर ही गाडी बंद करण्याचाच विचार कंपनीत चालला होता. तरीही पुढच्या चाकांची मूळ मांडणी शेवटपर्यंत टिकली, आणि बांधणी करणारा इंजिन बदलणारच असतो. १९७९मध्ये एकाच वर्षात २ लाख ८० हजारांहून अधिक कॅमारो बनल्या. त्यातली सहा सिलिंडरची एखादी कापली, तर अभिलेखागार रिते होत नाही.

निवडताना मागच्या काचेभोवतीचा गंज आधी पाहावा. तिथे पाणी मुरते आणि दुरुस्ती खर्चिक असते. लांब, जड दारांच्या बिजागऱ्याही तपासाव्यात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याने १९७४ किंवा १९७५ची गाडी घ्यावी, कारण १९७६पासूनच्या पेट्रोल गाड्यांना तिथे धूरतपासणी लागते आणि बदललेले इंजिन त्या तपासणीत अडकू शकते.