उंबऱ्याआतले युद्ध

१० नोव्हेंबर ही तारीख मराठी कथासाहित्याने दोनदा लक्षात ठेवावी अशी आहे. १९०४ साली याच दिवशी अमरावतीत कुसुमावती देशपांडे जन्मल्या आणि १९२८ साली बेळगावजवळच्या यमकनमर्डीत कमल देसाई. कुसुमावतींनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात अनेक वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले, ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहून कादंबरीच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला आणि १९६१ साली ग्वाल्हेरला साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. कमल देसाईंनी मोजकेच लिहिले, पण त्या मोजक्याने वाचकाची झोप उडवली. या दोघींच्या निमित्ताने एक जुना प्रश्न धसाला लावायला हवा. बाईच्या मनावरच्या घावाला आपले साहित्य आणि आपली समीक्षा नेमके काय म्हणत आली?

विषय मराठीला नवा नाही. आपली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, आणि तिचा विषयच मुळी विधवांची दुःस्थिती. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून येऊ लागली तेव्हा यमूच्या सक्तीच्या केशवपनाने घराघरांत डोळे पाणावले. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते, पण लेखणी पुरुषाची आहे. पुढे १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आले. शिकलेल्या, कमावत्या, लग्न रखडलेल्या मुलींच्या मनातली घुसमट त्यात एका बाईने सांगितली होती, तीही विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड. या वेळी मात्र डोळे पाणावण्याऐवजी वटारले गेले, गहजब झाला. नाव लपवणाऱ्या त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. दुःख तेच, पण सांगणारी बदलली की दयेची जागा संताप घेतो, हे मराठी समाजाने तेव्हा दाखवून दिले.

त्यानंतर नवसाहित्य आले. महायुद्ध, यंत्र, महानगर यांनी मोडलेला माणूस कथेत शिरला. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ने १९४२ मध्ये संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठीत आणले. नवकथा म्हटली की गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर ही चार नावे विद्यार्थी एका दमात सांगतो. या चौघांचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. स्त्रीमनाचा ठाव घेणाऱ्या कथा गोखल्यांनीही लिहिल्या. पण ढोबळ कथानक बाजूला सारून मनाची एखादी अवस्था टिपणाऱ्या कुसुमावतींचा ‘दीपकळी’ हा कथासंग्रह १९३४ चाच आहे. इतिहासात त्यांच्या वाट्याला ‘पूर्वसुरी’ एवढाच मान आला. पुरुषाचे तुटलेपण युगाचे दुःख ठरले आणि बाईचे तुटलेपण ‘स्त्रियांचे साहित्य’ या कप्प्यात गेले.

हा भेद मराठीपुरता नव्हता. व्हर्जिनिया वुल्फच्या १९२५ मधल्या ‘मिसेस डॅलोवे’त सेप्टिमस हा पहिल्या महायुद्धातून परतलेला सैनिक मेलेला मित्र डोळ्यांपुढे दिसून वेडापिसा होतो. एक डॉक्टर म्हणतो, याला काही झालेलेच नाही. दुसरा नामांकित तज्ज्ञ रुग्णाला पाऊण तास देतो आणि घरापासून दूर, सक्तीची विश्रांती फर्मावतो. शेवटी डॉक्टर जिना चढून येतोय हे कळताच सेप्टिमस खिडकीतून उडी टाकतो. ‘काही झालेले नाही’ हे वाक्य बायका त्याआधी कित्येक पिढ्या ऐकत होत्या. सैनिक कोसळू लागले तेव्हा कुठे वैद्यकाला घावाचे गांभीर्य कळले. आघातोत्तर मानसिक विकाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत जागा मिळाली १९८० साली, तीही मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे.

कमल देसाईंचे मोठेपण इथे दिसते. त्यांनी कादंबरीला नाव दिले ‘रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग’. तुकोबांचे हे शब्द त्यांनी रणांगणावरून नव्हे, माणसाच्या आतून ऐकले. ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या लघुकादंबऱ्यांत बाई दयेची भीक मागत नाही, आपल्या विस्कटलेपणाचा खुलासाही देत बसत नाही. वाचकाला सोयीची, सोसणारी बाई हवी असते. देसाई ती देत नाहीत. त्यांना ‘दुर्बोध’ म्हणून बाजूला ठेवणे म्हणूनच सोपे गेले.

हा सगळा ग्रंथालयातला वाद आहे असे कोणी समजू नये. आजही गप्प झालेल्या सुनेला बाहेरचे झाले म्हणून आधी देवऋषाकडे नेतात, डॉक्टरचा नंबर नंतर लागतो. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. बरी झालेली बाई माहेरालाही नको आणि सासरलाही, ही गोष्ट अशा रुग्णालयांना नवी नाही. केवळ घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कोणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा बजावतो. पण कायदा दार उघडू शकतो, घरच्यांचे कान उघडू शकत नाही. ते काम साहित्याचे, आणि त्यासाठी ते साहित्य आधी हाती पडायला हवे.

म्हणून विदर्भातल्या मराठी विभागांना आमचे सांगणे एवढेच : कुसुमावती आणि कमल देसाई यांना स्त्रीसाहित्याच्या ऐच्छिक पत्रिकेतून काढा आणि आधुनिक कथेच्या मुख्य पत्रिकेत मर्ढेकर-गाडगिळांच्या शेजारी बसवा. ही मेहेरबानी नव्हे. मराठी आधुनिकतेचा इतिहास आजवर अर्धाच शिकवला गेला, त्याची ही दुरुस्ती आहे.