वेल्डरच्या हुन्नराची मजुरी

आम्ही कपड्याचे व्यापारी. सूत, बीम, ग्रे कापड आणि उधारी यांपलीकडचे आम्हाला फारसे कळत नाही. तरीही आज लोखंड कापणाऱ्या-जोडणाऱ्यांविषयी लिहीत आहोत. मालेगावचा यंत्रमाग जितका विणकराच्या हातावर चालतो तितकाच वेल्डरच्याही हातावर चालतो. आणि त्याची मजुरी ठरविताना आम्ही व्यापारी मंडळी भाजी घेतल्यासारखी घासाघीस करतो. सरकारी आयटीआयच्या यादीत त्याला 'संधाता' म्हणतात. आमचे शिक्षण उर्दूत झाल्याने हा शब्द समजायला आम्हाला वेळ लागला, बाजारात तर तो कोणीच बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका मागाची बिडाची बाजू तडकली. स्वस्तातला एक मुलगा आणला. त्याने साधा रॉड लावून अर्ध्या तासात जोड मारला, आम्हीही खूश. चौथ्या दिवशी जोडाच्या शेजारीच नवी चीर पडली. दोष मुलाचा नव्हता. बीड आणि साधे लोखंड यांतला फरक त्याला कोणी शिकविलाच नव्हता. बिडात कार्बन फार, म्हणून ते ठिसूळ. एकाच जागी झटकन तापले आणि झटकन निवले की ते स्वतःच फुटते. शेवटी एका बुजुर्ग उस्तादांना गाठले. त्यांनी जुम्म्याच्या सुट्टीत तो भाग उतरविला. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली, खाच घासून साफ केली, सबंध तुकडा सावकाश तापविला, सवागी लावून पितळेची काडी भरली आणि तुकडा राखेत पुरून ठेवला. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. एवढे होऊन त्यांनी सांगितलेल्या मजुरीतून आम्ही पन्नास रुपये कापले! ती बाजू अजून शाबूत आहे आणि ते पन्नास रुपये अजून आम्हाला टोचतात.

गॅसकटरचेही तसेच. लोकांना वाटते, ज्योत लोखंड वितळवून कापते. खरे तर ज्योत लोखंड फक्त लाल करते. मग ऑक्सिजनचा झोत सोडला की ते जळते आणि जळालेले उडून जाते. म्हणूनच स्टेनलेस किंवा बीड साध्या कटरने नीट कापले जात नाही. हात संथ चालला तर कडा वितळून गोल होतात, घाई केली तर काप खालपर्यंत पोहोचत नाही. हा अंदाज वर्षानुवर्षांच्या तजुर्ब्याने येतो.

आता कारखानदार बंधूंना थोडे कडू बोलतो. आपल्या शेडमध्ये कापसाचे तूस आणि तेलकट चिंध्या पडलेल्या असतात आणि त्यातच आपण वेल्डरला उभे करतो. ऑक्सिजनच्या नळाला तेल-ग्रीस लागले तर ते भडकू शकते, हे त्याला ठाऊक असते, आपल्याला नसते. झाडून घेणे, वाळूची बादली ठेवणे आणि काम संपल्यावर अर्धा तास नजर ठेवणे हे मालकाचे काम आहे. तसेच डोळ्यांचे. काचेशिवाय झगझगाट पाहिला तर दुखणे तिथल्या तिथे कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि घरचे बिचारे बटाट्याच्या चकत्या ठेवतात. जस्त चढविलेल्या पत्र्याच्या धुराने थंडी-ताप भरतो. 2017 साली कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरविला. तरी आमच्या गल्लीबोळांत चौदा-पंधरा वर्षांची पोरे तोंड फिरवून जोड मारताना दिसतात.

दुसरी गोष्ट कागदाची. आखातात चांगल्या पगाराच्या वेल्डरची परीक्षा तिरक्या, न फिरणाऱ्या पाईपवर घेतात. दहा वर्षे काम केलेला आमचा कारीगर ती देऊ शकेल, पण दाखवायला त्याच्याजवळ चिठोरेही नसते. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत, आधीच हुन्नर असलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केली गेली. आमच्या मोहल्ल्यात किती जणांच्या कानावर ती गेली? शिकलेल्या तरुणांनी कारीगरांचे अर्ज भरून दिले तर त्यांना काय खर्च येणार आहे?

उस्ताद आता थकले. त्यांचा शागीर्द येतो. आम्ही त्याच्यासाठी काच आणि चामडी हातमोजे कारखान्यातच ठेवले आहेत. पहिल्या दिवशी तो ते घालायला लाजला. मजुरी तो सांगतो ती देतो, फक्त एवढे विचारतो की राखेत किती वेळ ठेवणार.