कांदा थांबेल, पेपर थांबणार नाही

फेब्रुवारी-मार्च म्हणजे नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची तोडणी आणि रांगड्या कांद्याची काढणी. नेमके याच दिवसांत बारावी-दहावीचे पेपर येतात. मजूर मिळत नाही, मग घरचे पोर वावरात ओढले जाते. ‘दोन तास हात लाव, मग बस अभ्यासाला,’ असे बाप म्हणतो. दोनाचे चार तास होतात आणि रात्री पुस्तक उघडले की पोर पेंगते. पोरगी असेल तर तिच्यामागे धुणीभांडीही असतात. शेतकरी बांधवांनो, कांदा दोन दिवस थांबेल, पेपर थांबणार नाही.

नियम घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक हवेत. सकाळचा पेपर अकराला असला तरी केंद्रावर साडेदहाला हजर राहायचे. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी मिळायची. मंडळाने २०२३ पासून ती पद्धत बंद केली. ती दहा मिनिटे आता शेवटी वाढवून मिळतात. तेव्हा बसने येणाऱ्याने एक गाडी आधीची धरावी. हॉल तिकिटावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का आहे ना, ते आदल्या रात्रीच पाहावे. मोबाइल, चिठ्ठी, गाइडचे पान आत न्यायचे नाही. ‘चुकून खिशात राहिलं’ ही सबब चालत नाही. बैठक क्रमांक नेमल्या जागीच लिहावा. उत्तरपत्रिकेत नाव किंवा खुणा नकोत.

आता कडू बोलणे भाग आहे. शाळेच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारे परके नसतात, गावचेच भाऊ-काका असतात. १९८२ च्या कायद्याने परीक्षेतला गैरप्रकार गुन्हा ठरवला आहे, आणि कॉपीला हातभार लावणाराही त्यातून सुटत नाही. शिवाय कॉपीचे मार्क पुढे कुठवर पुरणार? अंबडच्या कारखान्यात मशीनवर उभे राहिल्यावर ड्रॉइंग वाचता आले पाहिजे, माप बिनचूक घेता आले पाहिजे. तिथे चिठ्ठी पुरवायला कोणी काका येत नाही. ज्या घरांच्या जमिनी कारखानदारीत गेल्या, त्यांच्या पोरांना तर शिक्षण हीच आता जमीन.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीकडेही एक मागणे आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम आहेच; तो लग्न-जत्रेच्या दिवसांत तेवढा पाळून घ्या. घरी जागा नाही अशा पोरांसाठी समाजमंदिर वा शाळेची एक खोली रात्री उघडी ठेवा. दोन दिवे आणि एक जबाबदार माणूस, एवढ्यावर काम भागते.

आणि निकाल उणा आला तर पोराला घालूनपाडून बोलू नका. दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्येच घेण्याची पद्धत २०१५ पासून सुरू झाली, वर्ष वाया जात नाही. एक पीक गेले म्हणून आपण शेती सोडत नाही. पोराच्या बाबतीतही तेवढा धीर धरावा.